पंक म्हणजे चिखल

मारोती गेल्याची बातमी बाजाराच्या दिवशी आली. अहेरीत आमचं कॅसेटचं दुकान आहे. माझे यजमान रेडिओ-टेप दुरुस्त करतात आणि मी काउंटरवर बसून लोकांना हवी ती गाणी कॅसेटमध्ये भरून देते. फोन त्याच्या थोरल्या भावाचा, शंकरभाऊंचा होता. “वहिनी, मारोती गेला,” एवढंच बोलले आणि फोन ठेवला. त्या दिवशी दुकानात आलेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी ते सांगितलं, आणि जवळपास प्रत्येकानं इकडंतिकडं बघत, आवाज खाली आणून एकच विचारलं, “जिवाचं काही करून घेतलं काय?” नाही. काही करून घेतलं नाही. मारोती मेंदूला चढलेल्या मलेरियानं गेला. आमच्या जिल्ह्यात मलेरियानं चांगली शहाणीसुरती माणसं जातात, त्यांच्यासाठी कोणी आवाज खाली आणत नाही. त्याला जाऊन आता पाच आठवडे झाले, तरी लोकांचं कुजबुजणं थांबेना, म्हणून हे लिहायला बसले आहे. त्याचं मरण वेडाच्या माथी मारू नका. आणि त्याची कॅसेटही वेडाच्या माथी मारू नका, ती त्यानं चार महिने राबून केली आहे आणि त्या चार महिन्यांची मी साक्षीदार आहे.

मारोती बेंजो वाजवायचा. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, तारा छेडून वाजवायचं ते वाद्य आमच्याकडच्या प्रत्येक वरातीत पुढे असतं. घर तळ्यावर मासे धरणाऱ्यांचं, पण याचा जीव जाळ्यात कधी रमला नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा त्याची बँडपार्टी कोरपन्याकडं एका सिमेंट कारखान्याच्या वसाहतीत गणपतीला वाजवायला गेली. तिथल्या एका इंजिनिअरनं त्याला एक कॅसेट दिली, म्हणाला, तुमचा बेंजो ऐकून हिची आठवण झाली. तिच्यावर इंग्रजीत एकच शब्द खरडलेला होता. ह्यांनी तो लावून वाचला, ‘पंक’. आमच्या दुकानात बसून मारोतीनं दोन्ही बाजू ऐकल्या, पुन्हा लावायला लावल्या, आणि म्हणाला, “वहिनी, हे लोकं बेसूर वाजवून राह्यले, अन् त्यायले कोणी हाकलत नाई.” शब्दाचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. शेजारच्या निवृत्त गुरुजींना विचारलं तर त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, “पंक म्हणजे चिखल. पंकज म्हणजे चिखलात उगवलेलं.” गुरुजी बोलले म्हणजे संपलं. पुढची दोन वर्षं आमच्या दुकानात पंक म्हणजे चिखलच होता, आणि मारोतीला तर तो अर्थ फारच पटला होता. “बराबर आहे,” तो म्हणायचा, “चिखल केल्याबगर धान रोवता येते काय?”

त्याचा आजार त्याआधीच सुरू झाला होता. एकदा तो तीन दिवस न जेवता, न झोपता बेंजो वाजवत बसला. शंभर माणसांचा बँड काढणार, सिरोंच्यापासून चंद्रपूरपर्यंत वाजवत जाणार, असं काय काय बोलत होता. मग दोन महिने भिंतीकडं तोंड करून पडला. पुजाऱ्याकडं नेलं, कोंबडं झालं, दोरे झाले, आणि शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा दोन टोकांचा आजार आहे, गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील. गोळ्यांनी तो ताळ्यावर आला. पण त्याच गोळ्यांनी त्याचा उजवा हात थरथरू लागला. तारेवर एकदा मारायचं तिथं हात चारदा पडायचा. बँडमालकानं काढून टाकलं. मारोती आमच्याकडं आला, काउंटरवर तो हात ठेवला. “ह्याले थांबवून थांबवून मी थकलो,” तो म्हणाला. “आता ह्यालेच वाजवू देतो.”

कॅसेट अशी झाली. ह्यांनी बेंजो एका जुन्या रेडिओला जोडून दिला. त्याचा स्पीकर फाटका होता, बदलतो म्हणाले तर मारोती आडवा आला, “भाऊ, फाटकाच असू द्या.” तालाला तेलाचा रिकामा पिंप, तो हे बडवायचे. दाराला घोंगडी लावून, भारनियमनाच्या वेळा सांभाळून, भर दुपारी आम्ही भरत असू. भिंतीपलीकडं शेजारीण तिखट कुटायची, ते कुटणंही एका गाण्यात आलं आणि मारोतीनं ते ठेवून घेतलं. सात गाणी झाली. त्यातलं ‘गोळी घेतली काय?’ हे सर्वांत लहान. त्यात दुसरे शब्दच नाहीत. आई, भाऊ, शेजारी, बसचा कंडक्टर, ज्यानं ज्यानं त्याला हे विचारलं त्या सगळ्यांच्या आवाजात तो तेच ओरडतो, आणि मागं तो थरथरता बेंजो. हे गाणं त्यानं एकवीस वेळा भरायला लावलं. विसाव्या वेळी मला ते झकास वाटलं होतं. तो म्हणाला, “नाई वहिनी, कंडक्टर लवकर आला.” झटका आलेला माणूस एवढा जीव खात नाही हो. त्या चार महिन्यांत त्यानं एक गोळी चुकवली नव्हती.

तीस कॅसेट भरल्या. ऐका, परत आणा आणि काय वाटलं ते या वहीत लिहा किंवा मला सांगा, मी लिहीन, असं म्हणून मी त्या वाटल्या. वही माझ्यासमोर आहे. बँडमालक म्हणाले, “याच्यावर वरात पुढं सरकत नाई, पळून जाते.” आलापल्लीचे एक गृहस्थ कॅसेट आत गुंतून फसली असं समजून बदलून घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी परत आले, “हे बी फसली.” गुरुजींनी मोत्यासारख्या अक्षरात अर्धं पान लिहिलं, त्याचा सारांश इतकाच की व्याकरण शुद्ध आहे. एका शेतकऱ्यानं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कर्णा लावून ती वाजवली आणि आठ दिवस रानडुकरं धानाकडं फिरकली नाहीत. त्यानं आणखी एक मागितली. मारोती हसून हसून बेजार झाला, “डुकरायनं तरी पूर्ण ऐकली.” सिरोंच्याहून सुकी मासळी घेऊन येणारी पोचम्माबाई तेलुगू बोलणारी, तिला शब्द अर्धेच कळले. तिची बहीण पाच महिन्यांपासून खाटेवर गप्प पडून होती, कोणाशी अक्षर बोलत नव्हती. हिनं घरात कॅसेट लावली. बहीण उठून बसली आणि म्हणाली, आवाज कमी कर. पाच महिन्यांतलं पहिलं वाक्य ते. पोचम्माबाई सांगताना रडत होती, मी लिहिताना रडत होते, आणि मारोती पिंपावर बसून विचारत होता, “मंग कमी केला काय?”

नागपूरहून संगीताचे एक जाणकार आले होते. त्यांनी आम्हाला पंकचा खरा इंग्रजी अर्थ समजावला, तिकडच्या बंडखोर पोरांचं मुद्दाम ओबडधोबड वाजवलेलं गाणं. मारोतीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तिकडं तसं असन. आमच्याकडं चिखलच.” त्यांनी पुढे एका ठिकाणी मोठा लेख लिहिला, फार कळवळ्यानं लिहिला. एका आजारी मनाचा आक्रोश, रोगानं स्वतःसाठी शोधलेली वाट, अशी वाक्यं होती. मारोती तो कागद घेऊन दुकानात आला. मला वाटलं खूश असेल. “वहिनी, दोनदा वाचलं,” तो म्हणाला. “ह्याच्यात बेंजोचं नावच नाई.” मी इतकी संतापले होते की त्या गृहस्थांना तिथल्या तिथं पत्र लिहिलं. पायाला जखम झालेला शेतकरी रोवणी करतो तेव्हा धान जखमेनं पिकवलं म्हणता काय, असं विचारलं. उत्तर आलं नाही. मला अजून राग आहे, आणि तो मी सोडणार नाही.

पण मग राग सगळ्यांवर सारखाच काढायला हवा. पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी शंकरभाऊंचा फोन आला, मारोती भलतंच बोलून राह्यला, तुमचं नाव घेते, तुम्हीच बोला. त्यांनी फोन त्याच्या कानाला लावला. “वहिनी, तळं घरात आलं,” तो म्हणाला, “मले लय थंडी वाजून राह्यली... पिंप थांबवायले सांगा भाऊले, डोक्यात वाजते.” मी हे नीट ऐकलं. शब्दन् शब्द आजही आठवतो. आणि ऐकून मी शंकरभाऊंना काय विचारलं असेल? “गोळी घेतली काय त्यानं?” एकवीस वेळा मी स्वतःच्या हातानं भरलेलं ते वाक्य, आणि बोलताना मला ते ओळखूसुद्धा आलं नाही. चुकली असेल दोन दिवस, द्या आणि झोपू द्या, असा सल्ला मी दिला. घरच्यांनी माझं मानलं, कारण मी त्याची जवळची. तिसऱ्या दिवशी आकडीचे झटके यायला लागले तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथंही चंद्रपूरच्या डॉक्टरांचा जुना कागद बघून आधी गोळी चुकली असेल असंच म्हणाले, आणि रक्त तपासेपर्यंत उशीर झाला होता. थंडी वाजते असं तो मला स्पष्ट मराठीत सांगत होता. इतक्या लोकांची मतं मी त्या वहीत उतरवली, इतक्यांशी भांडले, आणि त्याला सर्वांत वाईट ऐकणारी मी निघाले. शंकरभाऊंना मी हे सांगितलं आहे. ते म्हणाले, “आमी बी तेच समजलो, बाई.” त्यानं माझं काही हलकं झालं नाही, आणि व्हावं असंही मला वाटत नाही.

आपल्याकडे कोणाचा मूर्खपणा पाहिला की आपण आपल्याच कपाळाला हात लावतो. मला आता समोरच्याच्या कपाळाला लावायची सवय लागली आहे. कोणी असंबद्ध बोलू लागलं की मी आधी ताप बघते, मग तो घरचा असो की परका. गेल्या बाजारी दुकानाच्या पायरीवर एक अनोळखी माणूस बसून स्वतःशीच बडबडत होता, लोक बाजूनं वळून जात होते. मी काउंटरमागून उठले आणि भर बाजारात त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं, तोंडाला मोहाच्या दारूचा वास येत होता. पानवाला मोठ्यानं हसला, दोनचार बायांनी पदर तोंडाला लावला. हसू द्या. मी त्याला पाणी दिलं, त्याच्याशेजारी पायरीवर बसले आणि तो काय म्हणतो ते सुरुवातीपासून ऐकलं. त्याचा बैल दोन दिवसांपासून सापडत नव्हता.