तापलेली मोटर घेऊ नये

आमच्या भागात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी माझ्याकडं येतं. मी शिकलेला माणूस नव्हे. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत होती, ती मी अक्षरं जुळायच्या आतच सोडली. गाडीची कागदं मला आजबी वाचता येत नाहीत. तरी लोक येतात, आणि मी सांगतो ते न ऐकता जो गेला त्याचं पुढं काय झालं हे गावाला ठाऊक आहे.

आमचं गाव अणदूरच्या अलीकडं, सोलापूर-हैदराबाद सडकेपासून आत. दवाखाना म्हणावा असा सोलापूरला, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी मुलखात. मधे सरहद्दीवर करोडगिरीचा नाका होता. इकडनं तिकडं जाणाऱ्या मालावर तिथं जकात घ्यायचे. माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा आम्ही तिला बैलगाडीत घालून निघालो. नाक्यावर पोचेस्तोवर दिवस कलला. शिपायानं गाडीत काय माल आहे म्हणून विचारलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पांघरूण बाजूला सारून दाखवलं. लेकरू वाटेतच गेलं होतं.

दुसऱ्यांदा तिला दिवस गेले तेव्हा आबा एवढंच बोलले, "आवंदा बैल नकोत." सडकेवरनं भाड्यानं माणसं नेणारी सर्व्हिस मोटर जायची, पण थांबली तर थांबली, तिचा काय भरवसा. आबांनी जोडी गाडीसकट विकली आणि मुरूमच्या एका आडत्याची मोटर बघायला मला घेऊन निघाले. चार दरवाजांची, वर पक्कं टप असलेली, घरच्या माणसांनी बसून जायची मोटर. लढाईच्या दिवसांत तेल मिळेना म्हणून आडत्यानं ती विकायला काढलेली.

आबांबद्दल सांगायला पाहिजे. बैल पारखावा तर आबांनीच. बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावची माणसं त्यांना न्यायला यायची. त्यांची एक रीत होती. बांधून, खाऊ घालून, घासूनपुसून उभा केलेला बैल ते बघायचेच नाहीत. कामावरनं किंवा लांबच्या वाटेनं नुकता आलेला, अंग तापलेला बैल बघायचे. वशिंडाच्या मागं तळवा टेकवून उभे राहायचे. अंग गरम आणि श्वासाचा भाता शांत असला की बैल दमाचा. या रीतीत आबा कधी फसले नव्हते.

आडत्यानं "बर्री, बर्री मामा," असं कानडीत या या करत ओट्यावर बसवलं. निरोप आधीच धाडलेला, त्यामुळं मोटर दारातच उभी.

"आत्ता कामावरनं आली काय?" आबांनी विचारलं.

आडत्याचा ड्रायव्हर हैदराबादकडचा होता. म्हणाला, "उमरगे से अब्बीच आई सो है चाचा. हात लगाको देखो."

आबांनी पुढच्या पत्र्यावर तळवा टेकवला आणि तसेच उभे राहिले. पत्रा गरम. वाफ नाही, धाप नाही. ड्रायव्हरनं पुढनं हँडल घालून अर्धं फिरवलं तोच इंजिन चालू. आबांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी बाजारात लई वेळा बघितली होती.

आबा बाकीचंबी बघायला विसरले नाहीत. टायर बघितले, दात बघावेत तसे. मोटर पुढं चालवायला लावली आणि मागं उभं राहून चाल बघितली. "डाव्या अंगाला ओढतीय," म्हणाले, आणि ते खरं होतं, ब्रेक एका बाजूनं धरत होता. पुढचं चाक दोन्ही हातांनी हलवलं तर ते खिळखिळं. हे सगळं त्यांनी आडत्याला दाखवलं. मोटरीत आयुष्यात बसले नव्हते आबा.

शेवटी बाजारात विचारतात तसं विचारलं, "खोड काय हाय का?"

"वापरातली गाडी हाय मामा. खोड कुठली आली?"

मग उपरण्याखाली हात गेले, भावासाठी बोटं दाबली गेली, सौदा झाला. मला चाक धरता येत होतं, सडकेच्या कामावरच्या लॉरीवर शिकलो होतो. तिच्या पोटातलं काही कळत नव्हतं. मोटर घेऊन गावात आलो तेव्हा बायको दारात ओवाळायला उभी होती. तिनं पुढच्या दिव्यांना कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर चालू झाली नाही. तिसऱ्या दिवशीबी नाही. गावची पोरं ढकलायची, मग निळा धूर सोडत कशीबशी उठायची. एकदा उठली की दिवसभर झकास चालायची. सोलापूरला नेली. मिस्त्री तरणा होता, तोंडाचा फाटका.

"मामा, गिअरमधी लाकडाचा भुसा भरलाय."

"कशाला?"

"आवाज दाबायला. तेलबी काकवीगत दाट घातलंय, त्याच्यापायीच. आन् ही बघा, रेडिएटरच्या पाण्यात हळद."

"हळद?"

"भोक मुजवायला. हळद लावून नवरी तुमच्या गळ्यात बांधली की."

आबा हसले नाहीत. मिस्त्री मग नीट बोलला. आतल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, गार असताना दम धरत नाहीत, तापल्या की धरतात. लढाईपायी ह्या मोटरीच्या रिंगा कुठं मिळायच्या? मुंबईत मिळाल्या तर मिळाल्या.

"तापलेली होती," आबा म्हणाले. "मी हात लावून बघितलीय."

"तुम्ही येणार म्हनून तापवून ठिवली असंल. मोटर गार बघायची असती मामा."

"जनावर कामावरनं आलेलं बघायचं असतं."

"जनावराचं मला ठाव न्हाय," मिस्त्री म्हणाला.

मी म्हणालो, मुरूमला जाऊ, आडत्याच्या दारात नेऊन सोडू. आबा म्हणाले, उपरण्याखाली हात दिला तो दिला. ते शब्दाचे पक्के होते, मीबी त्यांचाच. आबा चुकले असं मी आजवर कुणाला म्हणू दिलेलं नाही. ते शिकले होते तसं, त्यांनी नीट बघितलं होतं.

मग रिंगांची वाट बघत आम्ही मोटर संभाळली. रोज सकाळी आई पाणी उकळून द्यायची, मी रेडिएटरात ओतायचो. इंजिनाखाली घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव ठेवायचो. शेजारची म्हातारी कुंपणावरनं म्हणायची, "शेक द्या, शेक द्या. बाळंतीण हीच दिसतीया तुमची." बायको सुद्धा हसायची. रिंगा आल्या नाहीत.

पौषात नळदुर्गाजवळ मैलारपूरला खंडोबाची जत्रा भरते. गावातल्या साऱ्या गाड्या जत्रेला गेलेल्या, आणि नेमक्या त्या पहाटे हिला कळा सुरू झाल्या. पहिल्यासारख्याच, आडव्या. थंडी अशी की घमेल्यातला विस्तव राख होऊन बसलेला. दोन वेळा उकळतं पाणी घातलं. हँडल मारून मारून माझ्या हाताला फोड आले, मग इंजिननं उलटा झटका दिला आणि उजवं मनगट मोडलं. ते आजबी वाकडं आहे.

गावात एकच जोडी राहिली होती, म्हातारी, जत्रेला न नेलेली. गाडी नव्हती, नुसते बैल. आबांनी ते आणले आणि मोटरीच्या पुढच्या कण्याला जाड दोराचा सोल बांधला. मागं आई आणि बायको. मी डाव्या हातानं चाक धरलं. आवंदा बैल नकोत म्हणणारे आबा बैलांच्या पुढं चालत होते.

उतार आला की मी गिअर टाकायचो. मोटर खोकायची, दोन धक्के द्यायची, गप व्हायची.

"होईल चालू," मी म्हणायचो.

"अवो, नका तिला डिवचू," बायको मागनं म्हणाली. "धक्का बसतोय मला."

त्यानंतर मी गिअर टाकला नाही. सडकेवर एकबी लॉरी भेटली नाही. नाका दिसायला लागला तेव्हा आई म्हणाली, थांबा. आम्ही थांबलो. आबा बैलांकडं तोंड करून उभे राहिले. मुलगी झाली. थोडा वेळ तिचा श्वास होता.

नाक्यावरचा शिपाई आम्हाला बघून लांबूनच हसत आला. "क्या चाचा, मोटर को बैल?" मग त्यानं काचेतनं आत बघितलं. त्यानं आडवा बांबू वर केला.

ऊन वर येऊन पत्रा तापला होता. हिचं रक्त थांबत नव्हतं. मी खाली उतरून डाव्या हातानं हँडल अर्धं फिरवलं. मोटर पहिल्या झटक्यात चालू झाली. मुरूमला झाली होती तशी.

आबा बसले नाहीत. लेकरू उपरण्यात घेऊन ते बैलांजवळ थांबले. आम्ही सोलापूरला गेलो. ही वाचली. आता पुन्हा मूल होणार नाही, असं डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं. हिला ते सांगायला मला लई दिवस लागले, आणि तिला आधीच माहीत होतं.

आबा त्यानंतर बैलबाजारात गेले नाहीत. कुणी न्यायला आलं तर म्हणायचे, "आता डोळ्याला दिसत न्हाय." दिसत होतं त्यांना.

मोटर नंतर भंगारात गेली. निजामाचं राज्य गेलं, नाका मोडला. आता आमच्या गावात दारोदार गाड्या आहेत, बहुतेक जुन्या घेतलेल्या. विचारायला येतो त्याला मी सांगतो: निरोप न धाडता जा. दिवस उगवायच्या आत जा. ब्रेक, टायर, चाकं, धूर, सगळं नंतर. आधी पुढच्या पत्र्यावर हात ठेव. गरम लागला तर पाणीसुद्धा न पिता परत ये.

परवा पुतण्या मला सोबत घेऊन गेला. सांगूनच गेलो, त्याला घाई होती. मालक म्हणाला, आत्ताच बाहेरनं आलीय गाडी. मी तळवा टेकवला आणि काढून घेतला. पाणी न पिता परत फिरलो. पुतण्यानं नंतर ती गाडी घेतली असं कळलं.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा माझी म्हातारी ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता तिनं एवढंच विचारलं, "गार होती का?"

"न्हाय," मी म्हणालो.

ती पुन्हा निवडायला लागली.