अर्थिंगच्या खड्ड्याची बादली

ऑफिसचं नेटवर्क बंद पडलं, की ते सांभाळणारी माझी नात घरी येऊन नुसती पडून राहते. दिवसभर सगळे तिच्यावरच ओरडतात. मला तिची दमणूक कळते. महाराष्ट्र नवा होता तेव्हा आमच्या गावच्या टेलिफोन एक्सचेंजात मी ऑपरेटर होते, आणि बोलणी खायचं काम माझ्याकडे होतं.

मी नागपूरहून शिकून आलेली. वेणी घट्ट, आणि ऐट तिच्याहून घट्ट. आल्या आल्या पाहिलं, म्हातारे लाइनमनकाका रोज सकाळी मागच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात. भर उन्हाळा, विहिरीनं तळ गाठलेला.

"काका, खड्ड्याला काऊन पाणी पाजता?"

"अर्थिंगचा खड्डा आहे, बाई. एक्सचेंजची तार इथं जमिनीत गाडली आहे. ओला ठेवा लागते, नाही तं लाइन बिघडते."

"पुस्तकात असं कुठं नाही. उद्यापासून बंद."

पुस्तकात होतं. मी ते पान वाचलं नव्हतं.

आठवडाभरात साऱ्या लाइनींवर खरखर. संध्याकाळी हेडफोन काढला तरी ती कानातून जाईना. बाजारातले अडते ओरडायचे, "ओ बाई, तारेत भजे तळून राह्यल्या का?" शनिवारी साहेब तपासणीला येणार होते. माझी नोकरी कच्ची. खरखर तशीच राहिली तर मी घरी. म्हणून मी काकांना रोज उंद्री गावाच्या लाइनीवर तारेतला बिघाड शोधायला पिटाळायची. ते उन्हात खांब न् खांब पाहून यायचे.

"तार चांगली आहे, बाई."

"परत बघा."

शुक्रवारी दुपारी ते आले ते थेट मागं गेले, मला खिडकीतून दिसलं. खड्ड्याच्या काठावर बसले आणि बादली डोक्यावर ओतून घेतली; पाणी सगळं खड्ड्यात उतरलं. इकडे माझ्या कानात उंद्रीचा माणूस एकदम स्वच्छ बोलायला लागला.

मी धावत बाहेर. "काका, अजून एक ओता!"

"डोक्यावर का खड्ड्यात?"

"तुम्हाला माहीत होतं, तर सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं होतं. पह्यल्याच दिवशी."

शनिवारी साहेब खूश. रजिस्टरात बिघाडाच्या कारणापुढं मी वळणदार अक्षरात लिहिलं : जमीन कोरडी पडली.

काका दारातूनच म्हणाले, "कोनं कोरडी केली ते बी लिवलं का, बाई?"

साहेबांना गंमत वाटली, ते हसले. मी पान उलटलं.

नोकरी पक्की झाली. काका निवृत्त होईपर्यंत खड्ड्याची बादली मग मीच ओढली. त्यांनी एकदाही 'राहू द्या' म्हटलं नाही.