रिठ्याचा फेस

मुलांनो, आपल्याकडे भांडी घासायला येणारी सुमन तुम्हाला आठवत असेल. आज ती मोरीत बसून मनगटावरच्या गजकर्णावर रिठ्याचा फेस चोळत होती. फेस पाहिला की माणसाला उगाचच स्वच्छ झाल्यासारखं वाटतं.

रिठ्यातल्या साबणासारख्या द्रव्याने गजकर्णाची बुरशी मरते, असं मी वाचलं होतं आणि तिला सांगितलंही होतं. काल तिला दवाखान्यात घेऊन गेले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मरते आजी, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. कातडीत मुरलेली अशी धुऊन जात नाही. आणि हे मलम कोणी दिलं? याने नुसती खाज थांबते, बुरशी आतून पसरते." तरी आज सुमनने सवयीने रिठे भिजवलेच.

मलम मीच दिलं होतं, माझ्या कपाटात उरलेलं. जन्मभर इंग्रजी वाचलं, पण त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली नाहीत. आता वर्तुळं कोपरापर्यंत गेली आहेत, आणि सुमनच्या तान्ह्या मुलीच्या गालावरही एक उठलं आहे.

"वाढतंय म्हणून सांगायचंस तरी गं," मी म्हटलं.

"तुम्ही दिलेलं होतं ना काकू," ती म्हणाली, "म्हणून मी जास्तच लावत राहिले."

मी तिच्या हातावर तांब्याने पाणी ओतलं. फेस वाहून गेला. वर्तुळं तशीच होती.