पेत्राचे पाय

पाळकसाहेब संध्याकाळी मी चर्चसाठी रंगवत असलेला पडदा न्यायला येणार होते, आणि चित्रात येशू ज्या शिष्याचे पाय धुतोय त्या पेत्राला अजून पायच नव्हते. मी पडले हौशी चित्रकार. चार वेळा काढले, चार वेळा पुसले. बोटं रताळ्यांसारखी होत होती. चिडून मी ब्रश आपटला. तेवढ्यात सासूबाई शेतातून आल्या आणि वाकून मोरीत तांब्याने पाय धुऊ लागल्या. भेगाळलेल्या टाचा, वाकडी करंगळी.

“आई, हलू नका!”

“अगं, घाण आहेत पाय.”

“तसेच हवेत.”

पाय हुबेहूब उतरले. आठवडाभर प्रार्थनेत मागितलेलं मोरीत सापडलं, या आनंदात मी वर पाहिलं. सासूबाई अजून तशाच वाकून उभ्या होत्या. येशूच्या हातात मी तांब्या रंगवला होता. घरातला तांब्या मात्र त्यांच्याच हातात होता, स्वतःचे पाय स्वतःच धुवायला.