चंपाची जामीनदार

झाशीच्या रेल्वे शाळेतल्या शिक्षिका गोदूबाई कानिटकर आयुष्यात एकदाच कोर्टाची पायरी चढल्या, तेही चंपासाठी.

चंपा स्टेशनाबाहेर पेरू विकायची. जागेवरून भांडण झालं, तिने शेजारच्या फळवाल्याच्या डोक्यात पाटी हाणली आणि पोलीस तिला घेऊन गेले. जामीन राहायला कोणी पुढे येईना. शेवटी गोदूबाईच प्रेमनगरच्या आपल्या घराचे कागद घेऊन गेल्या.

"बाईजी, सोच लीजिए," कोर्टाचा कारकून, पेशकार, म्हणाला. "तारीख पर ये नहीं आई तो जवाब आपको देना पड़ेगा."

"देंगे," म्हणत गोदूबाईंनी सही ठोकली.

तारखेच्या आदल्या दिवशी कळलं, चंपा मऊरानीपूरला गेली आहे. बहिणीचे दिवस भरलेत. नारायणराव वकील म्हणाले, "अर्ज द्या, जामीनकी सोडा. तुम्ही मोकळ्या."

"आणि ती?"

"ती आत जाईल."

गोदूबाईंनी छत्री उचलली आणि दुपारची पॅसेंजर गाठली.

मऊरानीपूरला बहीण कळांनी तळमळत होती. सकाळ झाली तरी सुटका नाही. झाशीच्या गाडीची वेळ झाली, पण चंपा हलेना.

"जीजी को ऐसे में कैसे छोड़ूँ?"

"मैं बैठती हूँ इसके पास. तू जा."

चंपा बघतच राहिली. "और मैं भाग गई तो?"

"तो मेरी सही झूठी पड़ेगी. जा, गाड़ी छूटेगी!"

ती गेली. अविवाहित गोदूबाईंनी बाळंतपण कधी पाहिलंही नव्हतं. सुईण सांगेल तसं त्यांनी पाणी तापवलं, पंखा हलवला, आणि दुसरं काही सुचेना तेव्हा चंपाच्या बहिणीचा हात धरून तेराचा पाढा म्हटला. तेरा नव्वे म्हणता म्हणता मुलगी झाली.

मग खरी कसोटी. संध्याकाळची गाडी यायच्या तासभर आधीच त्या स्टेशनावर जाऊन बसल्या. घराची चिंता नव्हती. आपण माणूस ओळखायला चुकलो की काय, याचीच होती.

गाडी लागली. तिसऱ्या डब्यातून आरोळी आली, "बाईजी! छूट गई! उसने राजीनामा कर लिया!"

फळवाल्याने समझोता करून तक्रार मागे घेतली होती.

"जीजी कैसी है?" चंपाने उतरता उतरता विचारलं.

"मौसी हो गई तू," गोदूबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसायला चष्मा काढला.