शेपूटरावांच्या मागे कोणी नाही

शेपूटराव दोन वर्षं आमच्याबरोबर सायकल चालवत होते आणि त्या दोन वर्षांत त्यांनी एकदाही कोणाला मागे टाकलं नाही. कोणी नाक शिंकरायला थांबलं की तेही थांबत. कोणी बुटाची नाडी बांधायला वाकलं, की हे एक पाय जमिनीवर टेकवून शेजारच्या झाडाकडे बघत उभे. "तुम्ही व्हा ना पुढे," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं होतं. "तुम्ही व्हा समोर. मी येऊन राहिलो." नागपूरचा माणूस. हे वाक्य ते इतक्या सावकाश म्हणत, की आपणच उगाच घाई करतोय असं पुढे जाणाऱ्याला वाटावं.

मला हा माणूस आवडत नसे. सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला मोठ्या मनाचा समजणार नाही. मी त्यांच्यावर जळत होतो. थोडाथोडका नाही, चांगला दर रविवारी, गार्चिंगपासून फ्रायझिंगपर्यंत आणि फ्रायझिंगपासून गार्चिंगपर्यंत.

म्युनिकच्या मराठी मंडळींचा हा रविवारचा सायकलगट मी सुरू केला होता. हिवाळाभर घरात बसून सगळ्यांची पोटं सुटलेली असत आणि एकमेकांच्या घरी जाऊन तीच मिसळ खाण्याचा कंटाळा आलेला असे. मार्च उजाडला की गार्चिंगच्या यू-बान स्टेशनाबाहेर जमायचं, इसार नदीच्या काठच्या रानातून फ्रायझिंगला जायचं, बेकरीत काहीतरी गरम खायचं आणि परत फिरायचं. रस्ता मी आखायचो, वेळ मी ठरवायचो, वारा कुठून असेल ते आदल्या दिवशी मी कळवायचो. माझी सायकल कार्बनची. ती एका हाताने सहज उचलता येते आणि मी ती उचलून दाखवतही असे.

शेपूटराव पहिल्यांदा आले तेव्हा झाडांना अजून पानं नव्हती आणि हँडल धरलेली बोटं गारठत होती. फ्लोमार्क्टमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारातून घेतलेली, बायकांची, पुढे वेताची टोपली असलेली सायकल. हेल्मेटच्या आत तपकिरी माकडटोपी. टोपलीत पंप, पंक्चरचं सामान, चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा. गार्चिंगच्या एका संशोधनसंस्थेत काचेवर अतिशय पातळ थर चढवण्याचं काम ते करत. डॉक्टरेट होती, पण ते सांगत नसत. बायको नागपूरला शाळेत शिकवत होती, तिच्या नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती म्हणून ती आली नव्हती. त्यांची ती सायकल बघून मी म्हणालो, "तुम्ही शेपूट सांभाळा." चिडवायलाच म्हणालो. पुढच्या रविवारी एका नव्या माणसाशी त्यांनी हात मिळवला आणि सांगितलं, "मी शेपूटराव." नाव मी ठेवलं, पण मिरवलं त्यांनी. महिन्याभरात त्यांचं खरं नाव गटातल्या निम्म्या लोकांना आठवत नव्हतं.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की मी वळून पाहिलं तर मागे रांग नसते. निघताना रांग असायची. नदी दिसायला लागली की एकेकाला काहीतरी व्हायचं. कोणाची चेन उतरायची, कोणाला फोन यायचा, कोणाचा गुडघा अचानक धरायचा. ज्याचं घरी भांडण झालंय, ज्याचा नोकरीचा फेअरट्राग, म्हणजे करार, संपत आलाय, ज्याच्या सासूबाई तीन महिन्यांसाठी राहायला आल्यात, त्याचा गुडघा हमखास धरायचा. मग तो मागे पडायचा आणि शेपूटरावांच्या शेजारी लागायचा. तिथे मात्र गुडघा उत्तम चालायचा. पुढे मी आणि कानात गाणी घातलेले दोन अविवाहित मुलगे.

त्या मागच्या घोळक्यात माझी बायकोही होती.

माधवी पूर्वी माझ्या मागोमाग असायची. आता मी वळून पाहिलं की तिचं लाल हेल्मेट सगळ्यात शेवटी आणि त्याच्या बाजूला ती माकडटोपी. वारा तिकडून असला तर तिचं हसणं ऐकू यायचं. घरी ती इतकी हसत नव्हती. मुलगी आखेनला शिकायला गेल्यापासून आमचं घर फार नीटनेटकं आणि फार शांत झालं होतं. "काय बोलता एवढं?" मी विचारायचो. "काही विशेष नाही रे," ती म्हणायची. हे काही विशेष नसलेलं दर रविवारी चार-चार तास चालायचं.

हा माणूस असं बोलतो तरी काय, ते ऐकायला मी एकदा पुलापाशी टायर तपासण्याचं निमित्त करून रेंगाळलो. नितीन, म्हणजे माझा पुण्यापासूनचा मित्र, त्यांना आपल्या साहेबाबद्दल काहीतरी सांगत होता. शेपूटराव म्हणाले, "मग?" नितीन आणखी बोलला. शेपूटराव म्हणाले, "अस्सं." झालं. एवढ्या भांडवलावर या माणसाचं दुकान चालत होतं. मी सोमवारच्या मीटिंगला पंधरा स्लाइड करतो तरी आठ माणसं माझ्याकडे बघत नाहीत.

एप्रिलात इसारकाठच्या रानात बेर्लाउख उगवतो. लसणीच्या वासाची हिरवी पानं, मैलभर पसरलेली. शेपूटराव ती खुडून टोपलीत घालायचे आणि पुढच्या रविवारी हिरव्या मिरच्या, दाणे घालून त्याचा ठेचा करून आणायचे. त्या ठेच्यासाठी लोक बेकरीतला ब्रेड विकत घेऊन बाहेर उभे राहून खायचे. माधवीने त्याची इतक्या वेळा तारीफ केली, की एका शनिवारी मी एकटाच गेलो आणि पिशवीभर पानं घेऊन आलो. मिक्सर काढला, मिरच्या धुतल्या. माधवीने एक पान बोटात चुरडून नाकाशी नेलं. "याला वास कुठाय?" ती म्हणाली. तिने फोनवर फोटो पाहिले आणि अख्खी पिशवी कचऱ्यात टाकली. मी आणलेली पानं दुसऱ्याच झाडाची, तशीच दिसणारी आणि चांगलीच विषारी होती. दुसऱ्या दिवशी हे सगळ्या गटाला कळलं होतं. शेपूटराव तेवढे हसले नाहीत, म्हणाले, "कप्तान, पान चुरडून पाहायचं असते." ते हसले असते तर मला जास्त आवडलं असतं.

तिसऱ्या वर्षीच्या मार्चअखेर बेकरीबाहेर नितीन ब्रेत्सेलचा खारा पाव मोडता मोडता, नेहमीसारखं मध्येच जर्मन पेरत, मला म्हणाला, "आल्झो, मग ठरलं काय? तुम्ही दोघं बॉनला जाताय, की माधवी एकटीच जाऊन-येऊन करणार?"

मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. "बघू," मी म्हणालो, जणू काही आम्ही घरी रोज तेच बोलत होतो.

"गेनाऊ, बरोबर आहे. घाई नका करू," नितीन म्हणाला. "पण ऑफर चांगली आहे. शेपूटरावही तेच म्हणत होते."

परतीच्या वाटेवर मी असा काही पायडल मारत सुटलो, की ते दोन अविवाहित मुलगेही मागे राहिले. घरी आल्यावर माधवी हेल्मेट काढायच्या आत मी विचारलं, "बॉनची नोकरी काय आहे? मला का नाही सांगितलंस?"

ती शांतपणे हातमोजे काढत म्हणाली, "सांगायला आले होते. तीन रविवार आले. तुझ्या बरोबरीला येण्यासाठी धापा टाकत आले. मी म्हटलं, मला काहीतरी बोलायचंय. तू म्हणालास, वारा समोरून आहे, गिअर हलका कर."

तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून मी चिडलो. माझ्या बायकोच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट त्या माकडटोपीला आधी कळावी, हे माझ्या जिव्हारी लागलं. तो आठवडा आम्ही दूध संपलंय आणि पाव आणायचाय एवढंच बोललो.

पुढच्या रविवारी मी नितीनला पुढे धाडलं आणि रान सुरू होतं तिथे थांबून राहिलो. सगळे गेले. माधवीही गेली, एकदा वळून बघत. मग शेपूटराव आले आणि अर्थातच थांबले.

"काऊन थांबले, कप्तान? चेन उतरली?"

"चेन ठीक आहे."

"मग व्हा समोर."

"आज मी मागेच येणार," मी म्हणालो.

आम्ही शेजारीशेजारी निघालो. आमच्या घरात तुम्ही कशाला नाक खुपसता, असं विचारायचं मी घरून ठरवून आलो होतो. वाक्य पाठ होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "ती बॉनला गेली की परत यायची नाही, असं मला वाटतं."

"मग?" शेपूटराव म्हणाले.

आणि मी बोलत सुटलो. मुलगी गेल्यावर आमच्यात काय उरलं इथपासून ते मी पुढे का चालवतो इथपर्यंत, पार पुढचा पूल येईतो. ते सगळं इथे लिहीत नाही. शेपूटरावांनी मला बॉनबद्दल एका शब्दाचा सल्ला दिला नाही. पुलावर आल्यावर फक्त म्हणाले, "तुम्ही समोरून फार वळून पाहता. लोकांना वाटते, कप्तान काळजी करून राहिले."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटे, कप्तानची मान दुखत असेल."

मी हसलो. हसायचं नव्हतं, तरी हसलो. मग मनात साचलेलं विचारूनच टाकलं, की लोक तुमच्याशीच का बोलतात. त्यांनी थोडा विचार केला. "माझ्या मागं ऐकायला कोणी नसते ना," ते म्हणाले. "तुमच्या मागं सारी जनता."

थोडं अंतर गेल्यावर त्यांनीच, मी न विचारता, सांगितलं. संस्थेने त्यांचा फेअरट्राग वाढवला नव्हता. एप्रिलअखेर ते कायमचे नागपूरला चालले होते.

मला आनंद झाला. अगदी स्वच्छ, लहान मुलाला होतो तसा आनंद झाला, आणि तो पुढच्या वळणापर्यंत टिकला. वळणावर मी त्यांच्याकडे पाहिलं. ते नेहमीच्याच चालीने चालवत होते, फक्त माकडटोपीच्या काठाने त्यांनी दोनदा डोळे पुसले. वारा समोरून होता हे खरं, पण तो निघाल्यापासून समोरूनच होता.

"कोणाकोणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"कोणालाच नाही. जमलंच नाही. लोकं बोलून राहिले असतात."

संध्याकाळी माधवी पोळ्या लाटत होती. मी सांगितलं. तिचं लाटणं थांबलं.

"तुला सांगितलं त्यांनी? तुला?" ती म्हणाली. "मला नाही सांगितलं."

तिचा चेहरा मी ओळखला. तसा चेहरा घेऊन मी दोन वर्षं हिंडलो होतो. माझ्यावर कोणी जळावं अशी पाळी आयुष्यात फारशी आलेली नाही, आणि ती आली तीही बायकोकडून. मला थोडी गंमत वाटली आणि मग वाटेनाशी झाली. दोन वर्षं त्या माणसाच्या शेजारी राहून आपण फक्त आपलंच सांगितलं, हे तिला लागलं होतं.

"अजून काय म्हणाले? सगळं सांग. तुझं ते थोडक्यात नको."

मग मी सगळं सांगितलं. बॉनबद्दल मी काय बोललो तेही सांगावं लागलं.

"मी परत येणार नाही असं वाटलं तुला? आणि हे तू त्यांना सांगितलंस?" ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

हाच प्रश्न मी तिला आठवड्यापूर्वी विचारला होता. तिच्याकडे निदान उत्तर होतं. पोळ्या तशाच राहिल्या आणि आम्ही दोघं उरलेली कणीक फ्रीजमध्ये ठेवून बोलत बसलो.

शेपूटरावांना निरोप द्यायला सगळा गट गार्चिंगच्या स्टेशनावर आला होता. प्रत्येकाला त्यांच्याशी दोन मिनिटं एकट्याने बोलायचं होतं, त्यामुळे त्यांच्या दोन गाड्या चुकल्या. सायकल त्यांनी माधवीला देऊन टाकली. मी तिला नवी, हलकी, गिअरवाली घेऊन देणार होतो. तिने ती टोपलीवाली आगगाडीत घालून बॉनला नेली. आता रोज ऱ्हाइनच्या काठाने तिच्यावरूनच कचेरीत जाते आणि मला फोटो पाठवते. मी फोटोला अंगठा देतो.

ती शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येते. रविवारी नितीन पुढे असतो आणि मागे मी. कार्बनच्या सायकलवर हळू चालवणं फार अवघड आहे, तोल जातो. माझ्या शेजारी कोणी येत नाही. शेपूटराव गेल्यापासून सगळ्यांचे गुडघे एकदम बरे झालेत.

गेल्या रविवारी आम्ही फिरून आलो आणि नागपूरहून फोन आला. मी आमचा रस्ता, वारा, बेर्लाउख उगवलाय, असं सगळं भरभरून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "माधवीताई आहेत का घरी?"

वाटलं, नाही म्हणून सांगावं. फोन तिला दिला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. ओट्याशी उभा राहून चहा टाकला. दाराआडून तिचं हसणं येत होतं, तेच जुनं, वाऱ्यावरून यायचं तसलं, आणि मला अगदी पूर्वीइतकंच जळायला झालं. चहा दोनदा उकळला. मग हसणं थांबलं, आवाज खाली आला आणि ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

मी कप पुढे केला. काही विचारलं नाही, कारण विचारायचं धैर्य नव्हतं. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली, बसली आणि म्हणाली, "हे मी आधी त्यांना सांगणार होते. पण अर्ध्यावर फोन ठेवला. तू ऐक."