तुराटीवरच्या तीन खुणा

किसनराव गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही घरच्यांकडून नाही. नांदेडला बसस्थानकाबाहेर चहा पीत होतो. गावाकडचा एक ओळखीचा भेटला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे ते शेत बघणारे किसनराव वारले की लातूरला, लेकीकडं. तुम्ही गेला न्हाई?" मी मान हलवली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मात्र लातूर गाठलं. वंदना झाली, भोजनदान झालं. त्यांची मुलगी सुजाता पाण्याचा तांब्या घेऊन आली, तेव्हा न राहवून विचारलं, "माझं नाव काढायचे का कधी?" ती म्हणाली, "न्हाई, सर. चांगलं म्हणूनही न्हाई, वाईट म्हणूनही न्हाई." त्याला आता दीड महिना होईल. तेव्हापासून मी हा मजकूर लिहितो आहे आणि खोडतो आहे.

निवृत्तीनंतर हिमायतनगरजवळच्या आमच्या चार एकरांत फळझाडांचं रान उभं करायचं माझ्या मनात होतं. एका शिबिरात पर्माकल्चर हा शब्द शिकून आलो होतो. जमीन आखण्याआधी तिला वर्षभर नुसतं पाहायचं, ही त्यातली पहिली अट. किसनराव आमच्याच गावचे. त्यांचं उभं आयुष्य बांधबंदिस्तीच्या कामांवर गेलेलं. म्हातारपणी दोन-चार जणांना शेतं आखून दिली, ती चांगली निघाली, आणि नुकतीच आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायला लागली होती. मी त्यांना तो नवा शब्द सांगितला तर हसले. "आमच्यात ह्याला बघणं म्हणतेत, मास्तर. त्येचं शिबिर न्हाई ऱ्हात." मग गंभीर होऊन म्हणाले, "पर वरीसभर कुदळ लावायची न्हाई. जमत असंल तर हाव म्हणा." मी हो म्हणालो.

ते बारदान अंथरून एका जागी तासभर बसत, मग उठून दुसऱ्या जागी. शेजारची म्हैस दुपारी कुठं बसते, थंडीतलं धुकं कोणत्या बांधाशी अडतं, वाऱ्यानं गवत कुठल्या अंगाला झोपतं... मला पंधरा मिनिटांत कंटाळा यायचा आणि हात खिशाकडे जायचा. "मोबाईलात शेत दिसून राहिलंय का?" एवढंच म्हणायचे. उन्हाळा लागला, काळं रान भेगाळलं, तसा त्यांनी तुरीच्या वाळल्या झाडाची एक लांब काडी, तुराटी, तोडून आणली. चाकूनं तिच्यावर तीन खुणा केल्या. भेग दिसली की तिच्यात तुराटी सोडायची आणि कितव्या खुणेपर्यंत जाते ते बघायचं. खालच्या अंगाला, लिंबाजवळ, ती वीतभर जाऊन अडली. खाली मुरूम, पाणी न धरणारा. मधल्या पट्ट्यात, बाभळीजवळ, मात्र तिन्ही खुणा मातीत गेल्या. आधीच्या पावसाळ्यात तिथं पाऊस उघडल्यावर सहाव्या दिवशीही पाय रुतायचा, हे त्यांच्या ध्यानात होतं. "पानी कुठं येतं ते कुनीबी सांगंल, मास्तर. ऱ्हातं कुठं, त्येला वरीस लागतं."

मे महिन्यात सुजाताच्या बाळंतपणासाठी ते लातूरला गेले. माझी सत्तरी जवळ आली होती, जुने सहकारी शेत बघायला येणार होते, आणि दाखवायला माझ्याकडे तर नुसतं मोकळं रान. शेजाऱ्याकडे जेसीबी आलेला होता. लिंबाजवळ पावसाचं पाणी तळ्यासारखं साचतं, हे मी स्वतः पाहिलं होतं. दीड दिवसात शेततळं खोदून झालं.

किसनराव परत आले आणि खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. उकरलेला मुरूम मुठीत घेतला, चोळला, सोडून दिला. "तीन महिने ऱ्हायले व्हते वरीस भरायला," ते म्हणाले. मी म्हणालो, "अहो, इथंच तर साचतं पाणी." त्यांनी बारदानाची घडी करून काखेत घेतली आणि गेले. तुराटी शेडमध्येच राहिली, पत्र्याखाली खोचलेली.

जूनच्या दोन मोठ्या पावसांत तळं तुडुंब भरलं. सहकारी आले, फोटो निघाले. वर्षभर निरीक्षण करून ही जागा निवडली, असं मी सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. बारा दिवसांत तळाचा मुरूम उघडा पडला. गावात विचारणा झाली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "किसनरावांनी दाखवली होती जागा." टाळ्यांच्या दिवशी मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. पाणी आटल्यावर घेतलं. आणि ते मानायला गावाला जराही वेळ लागला नाही. ते बौद्धवाड्यातले नसते, तर लोकांनी निदान एकदा त्यांनाही विचारलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

किसनरावांच्या ठरलेल्या दोन आखण्या मोडल्या. त्यानंतर ते एकदाच माझ्या नांदेडच्या घरी आले. चहा अर्धा ठेवून म्हणाले, "मास्तर, भांडायला न्हाई आलो. जागा म्या दाखवली नव्हती, तेवढं एकदा लोकायला सांगा."

मी म्हणालो, "सांगतो."

पुढं त्यांना कुणी बोलावलं नाही. शेवटी ते कायमचे लेकीकडे गेले. त्यानंतर चार वर्षं जगले. लातूर लांब नाही... मला रोज सांगता आलं असतं.

ती जागा त्यांनी दाखवली नव्हती. तिथं मुरूम आहे हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. तळं मी खोदलं, घाईनं, मिरवायला. आणि खोटंही मीच बोललो. गावात वाचून दाखवायला हा मजकूर मी स्वतः घेऊन जाणार आहे. ज्यानं ऐकायचं तो माणूस मात्र आता नाही.

गेल्या रविवारी शेतात गेलो. तळं कोरडं होतं, काठावर टाकळ्याची वाळकी झुडपं. शेडमध्ये पत्र्याखाली तुराटी तशीच होती. इतकी वर्षं ती तिथं आहे हे मला माहीत होतं आणि मी तिकडे बघायचं टाळत होतो. ती घेऊन बाभळीजवळ गेलो. रान भेगाळलेलं होतं. एका भेगेत तुराटी सोडली. पहिली खूण गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. मी गुडघे टेकून हात आणखी खाली नेला. बोटं मातीला लागली, तरी तुराटी खाली जातच होती.